वर टाकलेली चिमणी

बुधवार होता, एवढं पक्कं आठवतं. जोडीची सिस्टर वसईची, कॅथलिक. ड्युटी सुटली की तिला माहीमच्या चर्चमधला नोव्हेना, म्हणजे बुधवारची प्रार्थना, गाठायचा होता. मी नगरकडची प्रोटेस्टंट, आमची मराठी उपासना रविवारी भायखळ्याला. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड भरलेला, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्याच.

चौदा नंबरचे आजोबा जुलाबांनी पार गळून गेले होते. रात्रीच्या रिपोर्टात पोटॅशियम २.९. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं, म्हणून सलाइनमधून हळूहळू चढवणं चालू होतं. सकाळचा नमुना मी काढला. शीर सापडेना. पट्टा करकचून बांधला, मूठ उघडझाप करायला लावली, बारीक सुईने कसंबसं रक्त ओढलं.

अकराला रिपोर्ट आला : ६.१.

पोटॅशियम इतकं वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. मी ड्रिप थांबवली, ईसीजी काढला आणि रेसिडेंट डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ईसीजी पाहिला, रिपोर्ट पाहिला.

“सॅम्पल कोणी काढलं?”

“मी, सर.”

“हिमोलाइज झालंय हे. काढताना रक्तपेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, आकडा खोटाच वाढलेला दिसतो. शिकवलं नव्हतं? कंत्राटी भरती केली की हेच होणार.”

सगळा वॉर्ड ऐकत होता. त्यांनी स्वतः नमुना काढला. ३.१ आलं. ड्रिप पुन्हा सुरू झाली, मधले दोन तास वाया.

असल्या गोष्टींत शेवटी नर्सच बरोबर निघते. मी नाही निघाले. ड्रिप थांबवली ते योग्यच होतं, इन्चार्ज सिस्टरही तेच म्हणाल्या. पण नमुना माझ्याच हातून बिघडला होता, तेही तितकंच खरं. आणि ‘कंत्राटी’ हा शब्द! काम तेच, खाटा त्याच, पगार कमी, ऑर्डर अकरा महिन्यांची.

लिनन रूममध्ये जाऊन उभी राहिले. हात थरथरत होते. अशा वेळी मला आजीची चिमणी आठवते. आठवडी बाजारात भाजीवाली कोथिंबिरीची काडी वर टाकायची, तेव्हा आजी म्हणायची, “ही बघ पाचवी चिमणी.” बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन चिमण्या, लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. हिशेब केला तर पाचवी फुकट. तिचाही देवाला विसर पडत नाही, असं येशू सांगतो.

इतकी वर्षं मी याचा सोयीचा अर्थ लावला होता : मी मोलाची आहे, तेव्हा देव मला चुकू देणार नाही. चादरींच्या ढिगाला टेकून उभं असताना लक्षात आलं, त्या वचनात चिमणी काहीच करत नाही. गात नाही, कामाला येत नाही. मत्तयात तर ती जमिनीवर पडतेसुद्धा. तरी मोजलेली असते. म्हणजे माझं मोल ना त्या डॉक्टरांच्या तोंडी होतं, ना माझ्या बरोबर असण्यात. चूक मात्र माझीच राहिली, आणि ती मान्य करताना आता छातीत कळ येत नव्हती. थरथर पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. कमी झाली.

दुपारी पुन्हा नमुना घ्यायचा होता. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. मी आजोबांचा हात गरम ओल्या फडक्याने शेकला, पट्टा सैल बांधला.

“आजोबा, या वेळी मूठ नाही आवळायची.”

“सकाळी तर आवळ म्हणालात, ताई.”

“सकाळी चुकलं माझं.”

रक्त सावकाश आलं. ट्यूब वॉर्डबॉय मामाकडे न देता मीच लॅबपर्यंत नेली, न हलवता.

ड्युटी सुटताना वसईवालीने विचारलं, “तुझ्या नावाने मेणबत्ती लावू?” माहीमला नवसाचे मेणाचे हातपाय वाहतात. आमच्यात ते चालत नाही, आई ऐकेल तर ओरडेल.

“हात मिळाला तर हात वाह,” मी म्हटलं. “उजवा.”