गणपतीत ऊसतोड : काळ्या दगडाच्या बेटावर नऊ दिवस

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडं कोल्हापुरात ऊस पावसाचं पाणी पीत उभा असतो. सरीत शिरलं की पाला अंगाला कापतो, पायाखाली चिखल असतो आणि कारखान्याची चिमणी थंड असते. आत मिलचे रोलर खोलून ठेवलेले, बॉयलरच्या नळ्या घासायचं काम चाललेलं. एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी 29 वर्षं काढली. त्यामुळं भाद्रपद म्हणजे ऑफ सीझन, हे माझ्या अंगवळणी पडलंय.

मॉरिशसच्या विमानतळातून गाडी बाहेर पडली आणि दहाव्या मिनिटाला मी ड्रायव्हरला काच खाली करायला सांगितली. उकळत्या रसाचा आणि मळीचा वास आला. पुढं उसानं भरलेला ट्रेलर चालला होता. सौ. म्हणाली, "अहो, गणपतीत गळीत चालू?"

चालूच असतं. आपण विषुववृत्ताच्या वर साधारण 17 अंशांवर, मॉरिशस खाली 20 अंशांवर. आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. ऊस पिकायला गार आणि कोरडी हवा लागते. तेव्हा त्याची वाढ थांबते आणि कांड्यांत साखर साठते. म्हणून त्यांचा हंगाम जूनपासून साधारण डिसेंबरपर्यंत. आपल्या गव्हाणीत पहिली मोळी पडते तेव्हा त्यांचा हंगाम संपत आलेला असतो. पुस्तकात मला हे माहीत होतं, पण भाद्रपदात तो वास नाकात गेल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

मॉरिशसला जाऊन आलेले लोक समुद्रकिनाऱ्याचे फोटो दाखवतात. किनारा सुंदर आहेच, त्याबद्दल मी वेगळं काय लिहिणार? कोल्हापूरच्या माणसानं तिथं काय बघावं, ते मात्र सांगायचंय.

पहिलं म्हणजे दगड. रस्त्याच्या दोन्ही बाजूला उसात मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. जमीन ज्वालामुखीची. लागवडीआधी दगड वेचल्याशिवाय सरी पडत नाही, आणि हे दगड मजुरांनी हातांनी वेचून रचलेत. अलीकडं तोडणी यंत्र चालावं म्हणून मशिनरी लावून जमिनी साफ केल्या, तरी पुष्कळ ढीग आहेत तसे आहेत. मी उतरून एक दगड हातात घेतला. जड, काळा, बारीक छिद्रं असलेला. आपल्याच दगडासारखा.

हे सारखेपण नुसतं दिसण्यापुरतं नाही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात ते असं : पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूभाग तिच्यावरून सरकत होता, तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं. भूभाग उत्तरेकडं सरकत राहिला, खालची आग तशीच जळत राहिली. त्या वाटेवर लक्षद्वीप आणि मालदीवचा पाया तयार झाला आणि अगदी अलीकडं, म्हणजे 80-90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आलं. आज ती आग शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे जोतिबाचा डोंगर, अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण आणि त्या उसातला दगड, सगळे एकाच चुलीवरचे. क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं ज्वालामुखीचं विवर आहे. त्याच्या काठावर गार वाऱ्यात उभा राहून मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण थोरल्या घरातनं धाकट्या घरी आलोय म्हणायचं."

देश केवढा? मुख्य बेट 1865 चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा 7685. जिल्ह्याच्या पावपटीहूनही लहान बेट, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, पण स्वतःचा रुपया, स्वतःची संसद. नियमित लष्कर नाही, पोलीस दलातच एक विशेष तुकडी असते. शाळेत आणि संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, आणि घरात, बाजारात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली. एवढ्याशा बेटावर डच, फ्रेंच आणि इंग्रज असे तीन मालक होऊन गेले. डचांनी 1598 मध्ये राजपुत्र मॉरिस याचं नाव दिलं आणि 1639 मध्ये जावाहून ऊस आणला. डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला.

डोडो सगळ्यांना ठाऊक असतो. तिथला छोटा ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, कुणाला ठाऊक नसतो. 1974 मध्ये जंगलात त्याचे फक्त 4 पक्षी उरले होते. अंडी उबवून, पिल्लं हातानं वाढवून ती पुन्हा रानात सोडली, आणि आज तो शेकड्यांत आहे. राधानगरीच्या रानाच्या कडेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही हकिगत मुलांना जरूर सांगावी.

साखरेकडं परत येतो. बो प्लां गावचा कारखाना 1999 मध्ये बंद झाला, तो भंगारात न घालता त्यांनी त्याचं संग्रहालय केलं. मिलचे रोलर, पॅन, सेंट्रिफ्युगल सगळं जागच्या जागी. शेवटी साखर चाखायला देतात, फिकट सोनेरीपासून जवळजवळ काळ्या मस्कोव्हाडोपर्यंत. ती काळी साखर जिभेवर ठेवली आणि मला गुऱ्हाळावरची काहिलीची खरवड आठवली. मळी न काढता मुरवलेली चव आहे ती. आपण आयुष्यभर साखर पांढरी करण्यामागं लागलो, आणि हे लोक तिचा तपकिरी रंग राखून जगाला जास्त भावानं विकतात. आपल्या गुळाला असा मान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज ग्रीडला द्यायलाही त्यांनी 1957 मध्येच सुरुवात केली. आपल्याकडं सहवीजनिर्मिती हा शब्द कारखान्यांच्या बैठकांत ऐकू यायला लागला त्याच्या कितीतरी आधी. एकेकाळी बेटावर 200 हून जास्त कारखाने होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

हा ऊस पिकवला कुणी? 1 फेब्रुवारी 1835 ला तिथं गुलामगिरी संपली. तिच्या तोंडावर, 2 नोव्हेंबर 1834 ला, 36 भारतीय मजूर घेऊन कलकत्त्याहून ‘ॲटलास’ जहाज पोचलं. पुढच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं करारावर नेली गेली. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि आपल्या मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणची, रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ होती. पोर्ट लुईच्या बंदरात ते उतरायचे तिथं दगडी पायऱ्या आहेत, 16. त्या जागेचं नाव आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसा. बाकीचा बराच भाग गेला, या पायऱ्या राहिल्या. मी चप्पल काढून उभा राहिलो.

तिथं एक नियम वाचायला मिळाला : एक दिवस कामावर नाही आला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या अड्ड्यावरची बीडकडची कुटुंबं आली. मुकादमाची उचल, खाडा, पालाची खोपटी, थंडीत पहाटे तीनला कोयता घेऊन निघालेली बाई. इतकी वर्षं मी साखर उताऱ्याचे, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्याचे, दोन दशांश अंक बघत बसलो. त्या उताऱ्याच्या अलीकडं माणूस असतो, हे त्या पायऱ्यांवर लख्ख दिसलं, आणि ते मी आता विसरणार नाही.

आमचा ड्रायव्हर करारावर गेलेल्या त्या मजुरांतल्याच एका घरचा. वय पन्नाशीचं, बोलणं क्रिओल आणि इंग्रजी. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर त्यानं आरशातून बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द मोजत म्हणाला, "आम्ही पण मराठी." शाळेत मराठी शिकला होता. तिथं ती अजून शिकवतात. आडनाव विचारलं तर त्यानं एखाद्या जुन्या माणसाचं पहिलं नाव वाटावं असं, ‘जी’नं संपणारं नाव सांगितलं. त्यांच्यात अशी आडनावं पुष्कळ. बापाचं नाव कारकुनानं कागदावर लिहिलं आणि तेच पिढ्यांचं आडनाव झालं. गाव कुठलं, ते त्याला सांगता येईना. "रत्नागिरी" एवढंच म्हणाला, जणू ते एका घराचं नाव असावं.

वाटेत त्यानं आम्हाला दालपुरी खायला घातली. मऊ पातळ पोळी, आत वाटलेली डाळ, वर घेवड्याची भाजी आणि तिखट चटणी. मागितली की जोडीच देतात, एक मिळत नाही. सौ.नं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "गुळाबिगर पुरणपोळी."

गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते, पण चतुर्थीला नव्हे, दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. कोकणातला दीड दिवसाचा गणपती एका देशाच्या कॅलेंडरात जाऊन बसलाय. ड्रायव्हरनं आम्हाला घरी बोलावलं. पत्र्याची पडवी, जास्वंद, आणि चौरंगावर मूर्ती. आरतीचे शब्द क्रिओल वळणानं येत होते, पण एकही कडवं गाळलं नाही. नंतर अंगणात पोरांनी फेर धरून झाकरी नाचली. आपल्या कोकणातली जाखडीच ती.

संध्याकाळी मिरवणुकीच्या वाटेवर दुसऱ्या एका अंगणात सेगा चालला होता, मूळच्या आफ्रिकी गुलामांचा नाच. त्यांचं वाद्य रव्हान, म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेली मोठी चकती. वाजवायच्या आधी ते जाळावर धरून तापवत होते. हलगी तापवतात तसंच. आपली हलगीही शेकल्याशिवाय बोलत नाही. एक म्हातारा बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा, मान हलवायचा, पुन्हा जाळावर धरायचा. मिरवणूक पुढं गेली तरी मी तिथंच थांबलो होतो.

मूर्ती पाण्यात गेली. मोरया म्हणताना ड्रायव्हरच्या आईचा आवाज सगळ्यांत वर. परत येताना दोन्ही बाजूला तोडलेल्या उसाची रानं, वाळक्या पाल्याचा वास. ड्रायव्हरनं विचारलं, "तुमच्याकडे गणपतीत ऊस तोडत नाहीत?"

म्हटलं, "नाही. तो अजून पावसात भिजतोय. दिवाळीनंतर आपली पाळी."

त्यानं मान डोलावली आणि थोड्या वेळानं विचारलं, "तोडायला माणसं कुठून येतात?"

"लांबून," मी म्हटलं, आणि विमानतळापर्यंतच्या वाटेत त्याला बीडबद्दल सांगत राहिलो.