वहीतली रिकामी ओळ

"आई, सुवासिनीचं पुल्लिंग काय?"

'लिंग बदला'चा गृहपाठ चालला होता. कवी-कवयित्री, विद्वान-विदुषी पटापट झालं. हा शब्द मात्र लेकाने फ्रिजवर लावलेल्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून उचलला. मी अडलेच.

सासूबाई पोळ्या करत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "त्याला शब्द कशाला हवा? बायको असो, नसो, तो आपला तोच."

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये विचारलं होतं, बायको मेल्यावर तुम्हीही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही? सासूबाईंनी ते पुस्तक वाचलेलं नाही. (मीही फार उशिरा वाचलं.)

लेकाने सुवासिनीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. उद्या बाई काय शेरा देतात बघू. तुम्ही काय लिहिलं असतं?