तिसऱ्या दिवाळीचे आकडे

२०१८ मध्ये मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका खोलीतून दुकानदारांच्या वेबसाइट गूगलवर वर आणून द्यायचं काम करत होतो. सगळं हातानं. महिना संपला की प्रत्येकाच्या सर्च कन्सोलमधून, म्हणजे साइट शोधात कशी दिसते हे सांगणाऱ्या गूगलच्या साधनातून, आकडे काढायचे, एक्सेलमध्ये टाकायचे, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. दहा ग्राहकांतच महिन्याचा पहिला आठवडा संपायचा, त्यामुळे अकरावा घेताच येत नव्हता.

त्याच वर्षी सर्च कन्सोल नव्या रूपात आलं आणि ९० दिवसांऐवजी १६ महिन्यांचे आकडे दिसू लागले. मला ते भरपूर वाटलं होतं. पण २०१९ च्या दिवाळीनंतर संत्रा बर्फी विकणाऱ्या एका ग्राहकानं विचारलं, ‘‘भाऊ, मागच्या दिवाळीचं दिसून राहिलं, पण त्याच्या आधीच्या दिवाळीचं काऊन नाही दिसत?’’ सणावर चालणाऱ्या दुकानाला दोन दिवाळ्यांवरून काही ठरवता येत नाही. एखाद्या वर्षी पाऊस लांबतो, एखाद्या वर्षी शेजारी नवं दुकान उघडतं. त्याला तिसरी दिवाळी हवी होती आणि गूगल ती ठेवत नव्हतं.

आमचं सॉफ्टवेअर या प्रश्नातून उभं राहिलं. रोज रात्री एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून थेट माहिती घ्यायच्या वाटेनं, प्रत्येक ग्राहकाचे आकडे ओढायचे आणि आपल्या डेटाबेसमध्ये कायमचे ठेवायचे, एवढंच पहिलं काम. त्यात एक घबाड सापडलं. लोकांनी काय शोधलं त्याच्या सर्च कन्सोलच्या पडद्यावर जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात. एपीआय एका विनंतीत २५,००० ओळींपर्यंत देतो. तळाच्या त्या ओळींत खरं नागपूर होतं. ‘सावजी’ कोणी रोमनमध्ये ‘ओ’ घालून लिहितं, कोणी ‘व्ही’ घालून. सीताबर्डी, बर्डी, बुर्डी ही एकच जागा. आम्ही ही सगळी रूपं एका शब्दाखाली गोळा केली, तेव्हा एका सावजी भोजनालयाच्या मालकाला पहिल्यांदा कळलं की त्याला किती लोक शोधतात.

त्याच सुमारास वाचनात आलं की याच क्षेत्रातली सिएटलची मोझ ही कंपनीही जिलियन म्यूसिग आणि रँड फिशकिन या आई-मुलाच्या सल्ला-व्यवसायातून वाढली. २००७ पासून त्यांनी आपली टूल्स वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. आई तेव्हा शाळेतून निवृत्त होत होती. मी तिला म्हटलं, ‘‘हिशेब तू बघशील?’’ ती त्याच आठवड्यात खतावणी घेऊन बसली.

नोंदणीत फार वेळ गेला नाही. २० लाखांच्या आतल्या उलाढालीवर जीएसटी नोंदणी बंधनकारक नव्हती, तरी आम्ही घेतली, कारण ग्राहकांना इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे आम्हाला दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करायला, पक्कं बिल लागायचं. पुढे २०२२ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड केली. दोन संचालक लागतात: आई आणि मी.

खरी परीक्षा पैसे वसूल करण्याची होती. महिन्याची वर्गणी ७९९ रुपये, ग्राहकांच्या कार्डातून आपोआप कटायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला: दर महिन्याच्या अशा कपातीसाठी ग्राहकानं एकदा ओटीपीनं मंजुरी द्यायची आणि कपातीआधी किमान २४ तास बँकेनं कळवायचं. जुन्या मंजुऱ्या या चौकटीत बसत नव्हत्या. आमचे ७१ ग्राहक होते, त्यातल्या ४४ जणांचे पैसे त्या महिन्यात आले नाहीत. कोणी सोडून गेलं नव्हतं, कोणाची तक्रार नव्हती, आणि खात्यात मात्र पगारापुरतेही पैसे नव्हते.

आईनं एकेकाला फोन लावला. ‘‘मॅडम, मी तर काहीच बंद नाही केलं!’’ हेच बहुतेकांचं उत्तर. ती शाळेत गणित समजावायची तसा नियम समजावत होती आणि मी बाजूला बसून यूपीआय ऑटोपेची लिंक पाठवत होतो. तीन आठवडे लागले. ४४ पैकी ३९ परत आले. मी काही जणांना विचारलं, एवढी खटपट का केली? बर्फीवाले म्हणाले, ‘‘माझ्या तिन्ही दिवाळ्या तुमच्याकडेच आहेत ना.’’ त्या दिवसापासून नवं फीचर घ्यायचं की नाही हे ठरवताना आम्ही आधी पाहतो की त्यानं ग्राहकाचा जुना साठा वाढतो का.

दुसरा धक्का सप्टेंबर २०२५ चा. शोधाच्या पत्त्याला ‘नम इज इक्वल टू हंड्रेड’ हा तुकडा जोडला की १०० निकाल एका पानावर यायचे. कोणती साइट गूगलवर कितवी येते, हा क्रमवारीचा डेटा आम्ही ज्यांच्याकडून विकत घेतो तेही त्यावरच अवलंबून होते. गूगलनं ती सोय बंद केली आणि ही सोय अधिकृत नव्हतीच, असं सांगितलं. एका विनंतीच्या जागी दहा लागू लागल्या, आमचा खर्चही त्याच हिशेबानं चढला. ग्राहकांची वर्गणी वाढवायची नाही हे मी त्याच रात्री ठरवलं. आता आम्ही रोज पहिले २० निकाल पाहतो आणि १०० पर्यंतची तपासणी आठवड्यातून एकदा करतो. साठाव्या क्रमांकावरून त्रेसष्टाव्यावर घसरल्यानं कोणाच्या गल्ल्यात फरक पडत नाही, हे मला मनापासून पटलेलं आहे.

पण ग्राहक घाबरले ते वेगळ्याच गोष्टीनं. अनेकांच्या सर्च कन्सोलमधले इम्प्रेशन्स, म्हणजे साइट निकालांत किती वेळा दिसली तो आकडा, एकाएकी खाली आले. शंकरनगरच्या एका क्लासचे सर सकाळी सातलाच दारात उभे. आम्ही त्यांचे चार वर्षांचे आकडे उघडले. इम्प्रेशन्स पडले होते, क्लिक्स होते तिथेच होते. क्रमवारी तपासणारी यंत्रं शंभर निकालांचं पान उघडायची, तेव्हा खालचे निकालही ‘दिसले’ असे बहुधा मोजले जात होते. ती मोजणी थांबली. सरांनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवून पाहिलं आणि मगच चहा घेतला.

आज आमच्याकडे सहा जण आहेत आणि ग्राहक तीनशेच्या पुढे. प्रत्येकाच्या आलेखात सप्टेंबर २०२५ पाशी एक उभी लाल रेघ आहे. तिच्याखालचं वाक्य आईनं लिहिलंय: ‘इथे मोजायची पद्धत बदलली, तुमचे गिऱ्हाईक तेवढेच आहे.’