अलिबाग, दोघांसाठी एक मुक्काम: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

नागपूरहून अलिबागला जाणारे बहुतेक जण आधी सुट्टी ठरवतात, मग गाडी, मग हॉटेल. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी चालत जाऊन बघायचा असेल, तर हा क्रम उलटा करा. किल्ला समुद्रात, किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरवर आहे आणि वाट फक्त ओहोटीलाच उघडते. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या पाण्याची सवय असलेल्यांना हे तिथे पोचल्यावरच कळतं.

हिशोब सोपा आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा: आली भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा: आली ओहोटीची. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना विचाराच.

अष्टमीची दुपार सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते; पाणी पुरतं हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून चालावं लागू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, पण अगदी पहाटे नाहीतर सूर्यास्ताला. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. चतुर्थीला किल्ल्यातल्या गणपतीमुळे गर्दी असते, तेवढं लक्षात घ्या.

विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून टॅक्सीने गेटवे, लाँचने तासाभरात मांडवा आणि पुढे पाऊण तास बस. बसचं भाडं बहुधा लाँचच्या तिकिटातच असतं, तिकीट सांभाळून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा पेण-वडखळमार्गे रस्ता. पोचलात त्या दिवशी मुक्काम करा आणि किल्ला दुसऱ्या सकाळी.

ओहोटीच्या तासभर आधी निघा. खडकांवर शेवाळ आणि धारदार कालवं असतात; अनवाणी किंवा साध्या चपलांत जाऊ नका, मागे पट्टा असलेले सँडल घाला. चालायचं नसेल तर घोडागाडी मिळते. किल्ल्याला दीड तास द्या आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. पाणी समोरून येताना दिसत नाही, किनारा आणि किल्ला यांमधल्या सखल भागात आधी भरतं. अडकलात तर होडी असते, पण तिचा भाव तेव्हा होडीवाला ठरवतो.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, संभाजी महाराजांनी पुरं केलं. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते रचलेले आहेत, हे हात लावून बघा: लाटेचं पाणी फटींत शिरतं, जोर तिथेच मोडतो. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं (आपले नागपूरचे रघुजी भोसले वेगळे). उत्तरेकडे चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. आत गोड्या पाण्याची विहीर असली तरी प्यायचं पाणी सोबत न्या.

परतल्यावर गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आवर्जून बघा. १७२९ मध्ये ते वारले, तोवर या किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही त्यांनी दाद दिली नव्हती. कान्होजींचा हिराकोट बाहेरून, चालता चालता. चुंबकीय वेधशाळेत सहज जाता येत नाही, पण तिची गोष्ट ऐकण्याजोगी: मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने नोंदी बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये इथे आली.

जेवायला सुरमई किंवा बोंबील, तांदळाची भाकरी, सोलकढी. सावजीचा तिखटपणा शोधू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्या. सौम्य, गोडसर, कच्चाच खायचा. रेल्वेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम सुटून सडतो.

परतीची विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळीच निघते, त्यामुळे तिच्यासाठी अलिबाग दुपारी दोनच्या आत सोडा. रात्रीची दुरांतो असेल तर तासभर जास्त मिळतो.