पेनल्टीची शिक्षा चुकीएवढीच हवी

फुटबॉलमध्ये गोलसमोरचं पेनल्टी क्षेत्र 40.32 मीटर रुंद आणि 16.5 मीटर खोल असतं. त्याच्या कोपऱ्यात, गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूला पाडलं तरी शिक्षा तीच: 11 मीटरवरून किक, समोर एकटा गोलरक्षक. साधारण चारपैकी तीन पेनल्टींवर गोल होतो. जिथून गोलची शक्यता जवळजवळ नव्हतीच, तिथल्या चुकीला ही किंमत फार मोठी आहे. पेनल्टी फक्त स्पष्ट गोलसंधी हिरावल्यावर द्यावी. बाकी फाउलना त्याच जागेवरून थेट फ्री किक पुरे. शिक्षा इतकी जड आहे म्हणूनच कॉर्नरच्या वेळची शर्टांची ओढाताण पंच सोडून देतात. शिक्षा हलकी झाली, की शिट्टी वाजेल.

नियम बदलता येतात. मार्च 2025 मध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये अ‍ॅटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय घसरला, चेंडू त्याच्या दोन्ही पायांना लागला आणि गोल रद्द झाला. जूनमध्ये आयएफएबीनं, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, स्पष्ट केलं: चुकून असा दुहेरी स्पर्श होऊन गोल झाला, तर किक पुन्हा घ्यायची. अगदी योग्य. आता रिबाउंड, म्हणजे अडवून परत आलेल्या चेंडूवर पुन्हा फटका मारणं, हेही बंद करा. गोलरक्षकानं अडवलेली पेनल्टी तिथेच संपावी.