जेजुरीचा भंडार आणि तळी

जेजुरीचा फोटो म्हटला की भंडाराने पिवळा झालेला गड आठवतो. पण खंडोबाच्या कुलाचारात उधळण शेवटी येते, आधी तळी, म्हणजे भंडार-खोबऱ्याचं ताम्हण सगळ्यांनी मिळून उचलणं. तळी नीट भरली तर मूठभर भंडार पुरतो. ती न भरता पोतंभर उधळला तरी कुलाचार अपुराच राहतो.

आधी भंडाराचंच बोलू, कारण सगळं त्याच्यावर आहे. भंडार म्हणजे हळदीची पूड. यात्रेच्या गर्दीत मात्र रंग घातलेली स्वस्त भुकटीही याच नावाने खपते. ती डोळ्यांत चुरचुरते, अंगाला खाज सुटते, आणि प्रसाद म्हणून जिभेवर ठेवायची तर सोयच नाही. शक्य असेल तर घरची दळलेली हळदच घेऊन जा. विकत घेतलीच तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून तशीच राहू द्या. चांगली हळद हळूहळू तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच गडद झालं तर त्यात रंग आहे. दुसरी खूण चुन्याची: खायच्या चुन्यात कालवली की हळद लाल होते. लाल झाली नाही तर ती हळदच नाही. मात्र लाल झाली म्हणजे निखळच आहे असं नव्हे, म्हणून पाण्याची खूण आधी पाहावी.

आता तळी. ताम्हण तांब्याचं किंवा पितळेचं. त्यात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडार आणि एखादं नाणं. बेल मिळाला तर उत्तम. काही घरांत मधे कलश ठेवतात, काही घरांत खाली जोंधळे पसरतात. तुमच्या घरी जी रीत असेल तीच पाळा, शेजारच्यांची पाहून बदलू नका. ताम्हणाला हात लावणारे विषम संख्येत हवेत, तीन, पाच किंवा सात. पाच सोयीचे, कारण साधारण आकाराच्या ताम्हणाला सात जणांचे हात लागले की ते कलंडतं आणि भंडार सांडतो. सगळ्यांनी उजव्या हाताने खालून आधार द्यायचा आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीन वेळा उचलायचं. घोष एकाने सुरू करावा, बाकीच्यांनी उचलून धरावा. तोंडं वेगवेगळी चालली की हातही वेगवेगळे उचलले जातात, ताम्हण तिरकं होतं ते तिथेच. मग ताम्हण खाली ठेवून खोबरं फोडायचं, एकमेकांच्या कपाळी भंडार लावायचा आणि खोबऱ्या-भंडाराचा प्रसाद वाटायचा.

उधळण त्यानंतर. भंडारात खोबऱ्याचे तुकडे मिसळतात, ते नखाएवढे बारीक हवेत. वाटीचे मोठे तुकडे वरून पडले की डोक्याला लागतात, चष्मा फुटतो. खोबरं सुकंच घ्यावं. ओल्याला भंडार चिकटून गोळे होतात आणि पायाखाली आलं तर माणूस घसरतो. आणि दिवटी, निरांजन, कापूर पेटलेला असेल तिथे भंडार कधीच उडवू नका. हळदीसारखी बारीक कोरडी पूड हवेत पसरली की ज्योतीला भिडून भपकन पेट घेते. लोकांना हे खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. दिवटी आधी बाजूला न्यावी, मगच मूठ उघडावी.

गडाला पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तिन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. बहुतेक लोक उत्तरेकडून चढतात. वाटेत कमानी आणि दीपमाळा लागतात, मध्यावर खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई हिचं देऊळ आणि देवाचा प्रधान हेगडी. पुष्कळ जण धापा टाकत बाणाईला ओलांडून पुढे जातात, ते बरं नाही. पहिली पत्नी म्हाळसा देवाशेजारी वर आहे, बाणाई इथे आहे, दोघींचं दर्शन झाल्याशिवाय वारी पुरी कशी म्हणायची? नवीन जोडपं असेल तर नवरा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो. या पायऱ्या खालच्याच मोजाव्यात, वर गर्दीत हा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात दुपारी दगड तापून तळपाय भाजतात, तेव्हा सकाळी लवकर चढावं. पावसाळ्यात उलटा त्रास: भंडार भिजला की पायऱ्यांवर शेवाळासारखा निसरडा थर बसतो. उतरताना कडेने, पाऊल आडवं टाकत उतरावं.

जुनं स्थान कडेपठार, ते गडाहून उंच आहे आणि चढ दमवणारा आहे. गड आणि कडेपठार एकाच दिवशी करायचं तर कडेपठार आधी करा. गड करून मग कडेपठार म्हणणारे बहुतेक अर्ध्या वाटेवरून परततात.

दिवस निवडताना: रविवार देवाचा, म्हणून गर्दीचाही. सोमवती अमावास्येला पालखी गडावरून कऱ्हा नदीला स्नानासाठी जाते. त्या दिवशी निवांत दर्शनाची अपेक्षा करू नये, पालखीसाठीच जावं. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची पालखी रमणा नावाच्या जागी भेटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर खंडा, म्हणजे देवाची जड तलवार, उचलण्याची स्पर्धा होते. पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तोही यात्रेचाच भाग.

ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी चंपाषष्ठी घरी करावी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, षष्ठीला उठतात. नैवेद्याला वांग्याचं भरीत, रोडगा आणि कांद्याची पात. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं आणि कांदा अनेक घरांत या दिवशी पुन्हा ताटात येतात. भरितासाठी वांगं भाजायचं, उकडायचं नाही. रोडगा मंद निखाऱ्यावर, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. नैवेद्य दाखवून तळी भरायची, मग जेवायचं.

भंडाराचे कपडे लगेच साबणात टाकू नका. साबणाने हळद लाल होते आणि डाग पक्के झाल्यासारखे दिसतात. आधी कोरडे झटका, साध्या पाण्यातून काढा, साबण त्यानंतर लावा, आणि कडक उन्हात वाळत घाला. राहिलेला पिवळेपणा दोन-तीन उन्हांत जातो.