तुम्ही विचारलंत म्हणून: अजून एक्सेलच का?

"अजून एक्सेलवरच कोटेशनं सांभाळताय? एखादं सीआरएम, ग्राहकांचा पाठपुरावा सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्या की." आमचा धंदा डस्ट कलेक्टरचा, म्हणजे कारखान्यातली धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांचा. भाचा म्हणतो, आमचे सीए म्हणतात, पुण्यात सेनापती बापट रोडला उद्योजकांच्या मराठा चेंबरच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत कुणी ना कुणी म्हणतंच. मी "बघू" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

पैसे वाचवायचे म्हणून नाही. 2019 मध्ये घेतलं होतं आम्ही, माणशी दरमहा पैसे भरून. चाकण, रांजणगाव, शिरवळचे कारखाने करून दमून आलेले आमचे दोघे इंजिनीअर रात्री त्यात एकच गोष्ट निवडायचे: 'इंटरेस्टेड'. प्लांट हेडची बदली झालीय, बजेट पुढच्या तिमाहीत गेलंय, पर्चेसवाल्यांना दुसऱ्या पार्टीचा रेट दाखवायला आपलं कोटेशन हवंय, यातलं काहीच त्या शब्दात मावत नव्हतं. वर्षभराने बंद केलं.

माझ्या शीटमध्ये नऊ रकाने आहेत. त्यातले दोन खरे. एक 'शेवटचं बोलणं'. समोरचा बोलला तेच शब्द तिथे जातात, माझा अर्थ नाही. दुसरा 'पुढचा फोन'. तो रिकामा ठेवायचा नाही. "आम्हीच कळवतो" म्हणाले तरी मी दहा दिवसांनंतरची तारीख टाकते, कारण आपणहून कळवणारं माणूस मला क्वचितच भेटलंय. डस्ट कलेक्टरची ऑर्डर पहिल्या कोटेशनवर येत नाही. रिव्हिजन दोन, रिव्हिजन तीन, मग पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर. मधले सगळे दिवस त्या एका तारखेवर तोललेले असतात.

तारीख उलटली की ओळ लाल व्हायची, असं मी करून ठेवलं होतं. आणि इथेच तुम्ही मला पकडता: "मग जुलै 2022 चं काय?"

सांगते. चाकणच्या एका कंपनीला ग्राइंडिंग शॉपसाठी साडेअकरा लाखांची ऑफर दिली होती. 22 मे ला सरकारने पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं आणि पत्र्याचे भाव उतरायला लागले. पर्चेसचे साहेब म्हणाले, "मॅडम, भाव खाली येतायत, घाई नको. एकादशी रविवारी आहे, सोमवारी 11 तारखेला फोन करा, नव्या रेटने फायनल करू." मी तसंच्या तसं सांगितलं आणि ऑफिसातल्या मुलीने 'पुढचा फोन' मध्ये 11/07/2022 टाकलं.

तो सोमवार आला आणि गेला. ओळ पांढरीच राहिली. 19 तारखेला मी दुसऱ्याच कामासाठी त्यांना फोन केला तेव्हा कळलं, शुक्रवारी पीओ निघाली, दुसऱ्याला. "तुमचा फोन नाही आला. आम्हाला वाटलं, तुम्हाला रेट कमी करायचा नाहीये."

फोन ठेवला आणि मी त्या मुलीवर ओरडले. दोन फिटर दारात उभे होते, त्यांच्यासमोर. "एक तारीख नीट टाकता येत नाही?" ती म्हणाली, "मॅडम, 11/07 च टाकलंय, बघा ना." बघितलं. खरंच 11/7 होतं. "मग लाल का नाही झालं?" याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण ओरडत मी होते.

रात्री घरी शीट उघडून बसले. तो रकाना नीट बघितला तेव्हा दिसलं की दुसऱ्या एका ओळीतली 18/07 डावीकडे चिकटलीय आणि 11/7 उजवीकडे. लॅपटॉप जूनमध्ये नवा घेतला होता आणि त्याचं रीजन, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेचं राहिलं होतं. तिथे महिना आधी. म्हणजे आमची 11 जुलै त्याच्या लेखी 7 नोव्हेंबर होती; ती लाल व्हायला चार महिने होते. 18 वा महिनाच नाही, म्हणून 18/07 त्याने तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवली. ती कधीच लाल झाली नसती.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही की मला आधी दिसलं होतं. जुन्या दोन-तीन ओळींत 6/20, 6/28 असं उलटं आलं होतं. पाहिलं, आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची माफी मागितली. फिटरना बोलावून, त्यांच्यासमोर. ती "असू दे मॅडम" म्हणाली आणि दिवाळीनंतर हिंजवडीला दुसरीकडे लागली. पगार जास्त होता तिथे. तेवढंच कारण असेल असं मी स्वतःला सांगते.

तुमचं म्हणणं मला कळतं. सीआरएममध्ये तिने कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख निवडली असती आणि हे झालं नसतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ती ऑर्डर मी लाल रंगावर सोडली होती, हेही तितकंच खरं. आधी रोजनिशीत लिहायचे तेव्हा सोमवारचं पान उघडलं की साहेबांचं नाव समोर यायचं. 2022 मधली मी म्हणायची, मशीन लक्षात ठेवतं ना, मग डोकं कशाला शिणवायचं. तिच्याशी मी अजून भांडते. कधी वाटतं तीच बरोबर होती, फक्त मशीन चुकीचं निवडलं होतं.

आता तारीख 11-जुलै-2022 अशीच दिसते, महिना अक्षरात. लाल रंग काढून टाकलाय. सकाळी साडेनऊला शॉप सुरू होण्याआधी मी सगळ्या चालू ओळी वाचते, साठ-सत्तर असतात, वीस मिनिटं जातात. सोळा नंबरच्या ओळीतलं बोलणं वाचताना तेविसाव्या ओळीतल्या माणसाची आठवण होते, की हे दोघे आधी एकाच कंपनीत होते. ही वीस मिनिटं मला सोडवत नाहीत.

भाचा म्हणतो, मावशी, दोनशे ओळी झाल्या की काय करशील? दोनशेचं मला माहीत नाही. आज चौसष्ट आहेत, आणि चाकणची ती कंपनी त्यातली एक आहे.